वाढणं आणि भरवणं

गेल्या महिन्यात आमच्या नाशिकच्या सोसायटीत तरुण आईबाबांसाठी एक व्याख्यान झालं. विषय होता, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा आहार आणि अभ्यास. बोलणाऱ्या बाई तयारीच्या होत्या, तळमळीनं बोलत होत्या. पडद्यावर भलामोठा आकडा आला : ८५ टक्के. मेंदूची एवढी वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, ही खिडकी एकदा मिटली की मिटली, तेव्हा जे काही भरायचं ते आत्ताच भरून घ्या. मग दोन याद्या आल्या. पोटासाठी भिजवलेले बदाम, अक्रोड, बिटाचे पराठे, दुधात घालायची पावडर. डोक्यासाठी रंग, आकार, शंभरपर्यंत अंक, दोन्ही लिप्यांची अक्षरं आणि रोज एक पान गिरवणं. सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका आईनं विचारलं, "पण ती खातच नाही हो, मग काय करू?" उत्तर आलं, "समोर काहीतरी लावून द्या. लक्ष तिकडे असलं की घास आपोआप जातो."

माझी तीस वर्षं बालवाडीत गेली. ते उत्तर ऐकून मी घरी आले आणि बराच वेळ जागी राहिले. बाईंच्या हेतूत खोट नव्हती, म्हणूनच ते अधिक लागलं. दोन्ही याद्यांमागचा सगळा विचार त्या एका वाक्यात उतरला होता. मूल म्हणजे भांडं. झाकण उघडं आहे तोवर ओतत राहायचं, आणि उघडत नसेल तर त्याची नजर चुकवून उघडायचं.

मराठीत जेवू घालायला दोन क्रियापदं आहेत, भरवणं आणि वाढणं. भरवताना हात मोठ्याचा, वेग मोठ्याचा, घास केवढा हे मोठ्यानं ठरवायचं आणि पुरे कधी म्हणायचं तेही मोठ्यानंच. वाढताना कामाची वाटणी होते. काय शिजवायचं, पानं किती वाजता घ्यायची, कुठे बसायचं, ताटात काय काय येणार, हे वाढणाऱ्याकडे. त्यातलं काय उचलायचं, किती खायचं आणि हात कधी धुवायचा, हे जेवणाऱ्याकडे. मूल मोठं होतं त्यालाही आपण वाढणंच म्हणतो. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात हीच वाटणी पुस्तकात मांडली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे ती क्रियापदातच होती. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे. तो ताटाला जितका लागू आहे तितकाच पाटीलाही लागू आहे.

आधी तो आकडा. तो हवेतून आलेला नाही, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो छापलेला आहे, आणि तिथे तो चांगल्या कामासाठी आला आहे. पहिलीच्या आधीच्या वर्षांकडे देशानं गंभीरपणे पाहावं, यासाठी. पण धोरणातून उचलून तो घराघरांत नेला, तेव्हा त्याचा अर्थ बदलला. सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ पुरं होतं ते मेंदूचं आकारमान. सहा वर्षांच्या मुलाचं डोकं मोठ्या माणसाच्या डोक्याच्या जवळपास आलेलं असतं, हे टोपी विणणाऱ्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे. पण डोकं मोठं झालं म्हणजे त्यात शिकणं झालं, असं कुठे आहे? उलट मेंदूच्या पेशींमधल्या जोडण्या दोन-तीन वर्षांच्या मुलात मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात. पुढची अनेक वर्षं मेंदू त्यातल्या न वापरलेल्या जोडण्या काढून टाकत राहतो. कपाळामागचा भाग, जिथे धीर धरणं आणि पुढचा विचार करणं घडतं, तो तर विशी उलटली तरी घडतच असतो. मी द्राक्षांच्या मुलखात राहते, त्यामुळे मला हे चटकन पटलं. इथे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. कुठला डोळा ठेवायचा नि कुठली काडी काढायची, यावर बागाईतदाराचं वर्ष अवलंबून असतं. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यातही अशीच छाटणी चालू असते, आणि जे रोज वापरात असतं ते राहतं. पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाच्या वापरात रोज काय असतं, हे त्या सभागृहात कुणीतरी विचारायला हवं होतं.

खिडकी मिटते हे सगळंच खोटं आहे, असं मी म्हणत नाही. काही खिडक्या खरोखर मिटतात. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळावर वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर नजर पुढे पुरती येत नाही. ऐकू न येणाऱ्या बाळाला श्रवणयंत्र लवकर मिळालं नाही तर भाषा मागे पडते. तिथे एकेक महिना जपायचा असतो आणि त्यासाठी आरडाओरडा केला तरी चालेल. पण शंभरपर्यंतच्या अंकांना खिडकी नाही. अक्षरांना तर नाहीच नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. साठी, सत्तरी, ऐंशी उलटलेल्या बायका गुलाबी साड्या नेसून, पाटी घेऊन बाराखडी गिरवायला बसल्या आणि सही करायला शिकल्या. सत्तराव्या वर्षी जी खिडकी उघडते, ती सहाव्या वर्षी मिटते म्हणून कोवळ्या आईबापांना घाबरवणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यातही मनाला लागणारी गोष्ट ही की ज्या धोरणातून हा आकडा घेतला, तेच धोरण पुढे खेळातून, हाताळण्यातून, शोधण्यातून शिकवा म्हणून सांगतं. पहिलीचं वय सहा ठरवतं. तीन ते आठ या वयासाठी २०२२ साली आलेला अभ्यासक्रम आराखडाही खेळावरच उभा आहे. आकड्याचा फोटो निघाला, खेळाचा निघाला नाही. गिरवण्याचं म्हणाल तर मनगटात आठ लहान हाडं असतात, आणि चार वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात त्यातली साधारण निम्मीच दिसतात. बाकीची अजून कूर्चाच असतात. त्या हाताला दोन रेघांमधलं पान रोज देणारा माणूस हात पाहतच नाही.

बाकीच्या मतांवर मी फार वेळ घालवणार नाही. परदेशी बियांनी बुद्धी वाढते असं सांगणाऱ्यांना काहीतरी विकायचं असतं. आईनं नोकरी सोडून घरी बसावं असं म्हणणारे बाबांबद्दल कधी बोलत नाहीत. आणि मुलं आपोआप शिकतात, त्यांना मोकळं सोडा, असं म्हणणाऱ्यांनी वाढण्याचं कामच अंगाबाहेर टाकलेलं असतं.

आता ती आई. तिचा प्रश्न खरा होता आणि त्याला खरं उत्तर आहे. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ-दहा किलोंचं होतं, म्हणजे एका वर्षात सहा-सात किलो. तेच मूल दोन ते पाच या वयात वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं. वाढ मंदावली की भूक मंदावते. घरातल्या बायका मात्र बाळपणीच्या भुकेच्या हिशेबानं ताट भरत राहतात आणि मूल खात नाही म्हणून जीव टांगतात. भरीला या वयात अनोळखी पदार्थाची भीती ऐन भरात असते. कालपर्यंत खाल्लेली भेंडी आज नको होते. नवी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा नुसती ताटात यावी लागते, तेव्हा कुठे हात तिकडे जातो. आपण तिसऱ्या वेळी हरतो आणि "हिला भाज्या आवडत नाहीत" असं तिच्या देखत, तिच्याच कानांवर घालतो.

मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवावा का, हे क्लॅरा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी अमेरिकेत १९२०-३०च्या दशकांत करून पाहिलं होतं. अंगावरचं दूध नुकतं सुटलेल्या पंधरा मुलांपुढे त्या रोज निरनिराळ्या वाट्या मांडत. एकूण पदार्थ ३४. दाई चमचा घेऊन शेजारी बसे, पण मुलानं बोट दाखवल्याशिवाय किंवा हात लावल्याशिवाय काही द्यायचं नाही, सुचवायचं नाही, चेहऱ्यावर आनंद किंवा नाराजी दाखवायची नाही. एकेका जेवणात मुलांनी चमत्कारिक मेळ घातले, पण महिन्यांचा हिशेब केला तर ती ठणठणीत वाढली. त्यांतल्या काहींना मुडदूस होता. त्या मुलांपैकी एकाजवळ कॉड माशाच्या तेलाचा ग्लास ठेवला होता. मुडदूस बरा होईपर्यंत तो ते तेल पीत राहिला आणि नंतर सोडलं.

हा प्रयोग सांगितला की काही पालकांचे डोळे चमकतात. मग आमच्या मुलालाही त्याला हवं ते देऊ! मी त्यांना थांबवते, कारण खरा धडा डेव्हिस बाईंनीच सांगून ठेवला आहे. प्रयोगाची किल्ली होती पदार्थांच्या यादीत. त्या ३४ वाट्यांत साखर नव्हती, डब्यातलं, पाकिटातलं काही नव्हतं. धान्य, भाज्या, फळं, अंडी, मांस, दूध, सगळं साधं. मुलानं मन मानेल तसं निवडलं तरी त्याचं भलंच होईल, अशी मांडणी एका मोठ्या बाईनं आधी विचारपूर्वक करून ठेवली होती. मी म्हणते ते वाढणं हेच. आणि ते भरवण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं आहे. सहा वाजता बिस्किटाचा पुडा हातात दिला तर आठचं ताट वाया जाणार, हे वाढणाऱ्यानं ओळखायचं. दिवसाला चार पेले दूध पाजलं तर पोट भरतं आणि भाकरी-डाळीतलं लोह जातच नाही. महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक रक्तक्षयी आहेत, असं २०१९-२१ची राष्ट्रीय पाहणी सांगते. ही मुलं फक्त गरीब घरांतली नाहीत. वरणभातावर लिंबू पिळलं की डाळीतलं लोह अंगी लागतं, जेवणासोबत चहा दिला की लागत नाही. मूग, नाचणी, मेथी, अंडं, मासळी, मेतकूट-भात, तूप, हंगामाचं फळ, एवढ्यात सगळं बसतं. शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात, कूट करून द्यावेत. हे सगळं आपलं काम. घास मोजणं आपलं काम नाही.

"हे संपव, मग चॉकलेट" यानं काय होतं, हेही तपासून झालं आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या एका बालवाडीत, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या काही मुलांना सांगितलं, चित्र काढलंस तर फीत आणि सोनेरी मोहर लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनी काढली, पत्रं मिळाली. एक-दोन आठवड्यांनी बालवाडीत रंगीत पेनं पुन्हा नुसतीच मांडून ठेवली, तेव्हा बक्षीस कबूल केलेली मुलं त्यांच्याकडे इतरांच्या निम्म्यानंच वळली. पुढे लीअॅन बर्च या संशोधक बाईंना खाण्याबाबत तेच दिसलं. एखादं पेय पिण्याबद्दल बक्षीस दिलं की त्या पेयाची आवड उतरते. "सूप संपव" असं सतत म्हटलं की मुलं कमी खातात आणि सुपाला नावं ठेवतात. एकीकडे चित्र, दुसरीकडे सूप, आणि मुलाचं मन दोन्हीकडे एकसारखं वागतं. म्हणून आहार आणि अभ्यास हे दोन विषय आहेत असं मला वाटत नाही. मोठ्या माणसाचा हात कुठे थांबतो, हा एकच विषय आहे.

आपल्याकडे हे कळलेली माणसं होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी हा शब्द आला. माँटेसरीबाईंची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंख, शिंपले, बिया, खडे, पानं मांडली. या कथेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट भाषणांत फारशी येत नाही. तिथे आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं, खाणं आणि मोजणं हे एकाच सकाळचे भाग होते, त्यांना वेगवेगळे तास नव्हते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा ही जोडी कागदावर टिकली, पूरक आहार आणि शाळापूर्व शिक्षण एकाच खोलीत. पण ती खोलीपुरतीच. खिचडी येईपर्यंत हाताची घडी घालून बसायचं, खिचडी खायची, मग पुन्हा हाताची घडी घालून अक्षरं म्हणायची, असं मी कितीदा पाहिलं आहे. सेविकाताईंना दोष देववत नाही. नोंदवह्या आणि फोनमधली माहिती भरता भरता त्यांचा दिवस जातो. पण खिचडीतले शेंगदाण्याचे तुकडे मोजणारं मूल त्याच खोलीत बसलेलं असतं, आणि "मोजत काय बसलास, खा लवकर" हे त्याला त्याच खोलीत ऐकावं लागतं.

जानेवारीत मी मटार सोलायला बसले होते. साडेतीन वर्षांची नात शेजारी येऊन बसली. शेंगेच्या टोकाशी अंगठा दाबायचा आणि शिवण उलगडायची, हे दोनदा दाखवलं. पहिल्या पाच शेंगा तिनं पिळून काढल्या, दाणे पलंगाखाली गेले. सहावी नीट उघडली. मग ती गप्प झाली आणि अर्धा तास उठली नाही. "ह्यात सहा. ह्यात आठ. आजी, ही एवढी जाड आहे आणि आत तीनच!" ती जाड शेंग तिनं बाजूला ठेवली. आणखी एक जाड सापडली, तिच्यात नऊ निघाले. बाहेरून पाहून आतलं सांगता येत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मध्येच एक बारीक हिरवी अळी निघाली. ती कुठे राहते, काय खाते, तिची आई कुठे आहे, असं बोलणं बराच वेळ चाललं. शब्द आले ते असे : साल, शिवण, कोवळा, जून, किडका, टपोरा. सोलता सोलता तिनं मूठभर मटार कच्चेच खाल्ले. उसळीतला मटार मात्र ती अजून बाजूला काढून ठेवते, आणि मी त्याबद्दल बोलत नाही.

भाकरीचंही तसंच. अर्धी, चतकोर, आणि चतकोरापेक्षा लहान तो नितकोर. ताटात भाकरी मोडताना हे शब्द मुलाच्या कानांवर पडले तर अपूर्णांक त्याला चौथीत परका वाटत नाही. तुरट आवळा, खमंग थालीपीठ, मिळमिळीत दुधी, पिठूळ सफरचंद, भाकरीचा पापुद्रा, सायीची घडी. हे शब्द चित्रांच्या तक्त्यावर शिकवता येत नाहीत, कारण ते जिभेवर आणि बोटांत असतात. कणकेचा गोळा मळणाऱ्या बोटांत पुढे पेन्सिल धरायची ताकद येते. आणि या कशालाही वेगळा वेळ लागत नाही. लागतो तो धीर, सांडलेलं पुसण्याचा आणि अर्ध्या तासाचं काम पाऊण तास चालू देण्याचा. नोकरी करून सात वाजता घरी पोचणाऱ्या आईबाबांना हा धीर कुठून आणायचा, हा प्रश्न मी हलका समजत नाही. रोज जमणार नाही. आठवड्यातून दोन वेळा जमलं तरी मूल ते धरून ठेवतं.

माझ्या म्हणण्याला मर्यादा आहेत आणि त्या मी मान्य करते. नुकतं वरचं अन्न सुरू झालेल्या बाळाला भरवावंच लागतं, तापातून उठलेल्या मुलाला मांडीवर घेऊन चार घास द्यावेत. आजीचे काऊचिऊचे घास हे भरवणंच होतं, पण त्यात मूल आजीच्या तोंडाकडे आणि खिडकीतल्या खऱ्या कावळ्याकडे पाहत असे. चव, आवाज, माणूस, सगळं एकाच जागी असे. तेही वय सरलं की सोडायचं असतं. अतितीव्र कुपोषित मुलाला औषधासारखं, मोजून, वेळेवर अन्न द्यावं लागतं. तिथे माझा फरक बाजूला ठेवावा. आणि राज्यातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं खुरटलेली असताना, ज्या घरात वाढायलाच काही नाही तिथे वाढणं-भरवणं बोलत बसणं मला शोभणार नाही. तिथे आधी शिधा, रोजगार आणि नियमित उघडणारी अंगणवाडी हवी. पण शिधा आल्यावरही प्रश्न तोच उरतो. पाड्यावरच्या मुलालासुद्धा स्वतःच्या हातानं जेवण्याचा आणि जेवता जेवता मोजण्याचा तितकाच हक्क आहे. तो त्याला नंतर कधीतरी मिळेल, असं म्हणून पुढे ढकलणं मला मान्य नाही.

मागच्या रांगेतली ती आई दोन दिवसांनी जिन्यात भेटली. मी तिला सांगितलं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. तुझं आणि तिचं ताट शेजारी शेजारी मांड. चार पदार्थ वाढ, त्यातला एक तिच्या ओळखीचा असू दे. तू जेव आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोल. अर्ध्या तासानं ताट उचल, रागावू नकोस, विनवू नकोस, मध्ये बिस्किट देऊ नकोस. "आणि काहीच नाही खाल्लं तर?" तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "तर साडेचारला पुन्हा मांडायचं."

पहिल्या दिवशी मुलीनं दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी मोबाइलसाठी इतकं रडली की शेजारच्यांनी दार वाजवलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तेव्हा ती ओट्यापाशी पाटावर उभी होती, टाचा उंचावून कुकरकडे पाहत, आज ताटात काय काय आहे म्हणून आईला विचारत होती. त्या रात्री ती किती जेवली, ते तिच्या आईनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.